पहिले दहा ग्राहक

आपल्या देशातील संगणक क्षेत्राचा विचार नेहमी मोठ्या आकड्यांत केला जातो. निर्यात किती अब्ज डॉलरची झाली, कोणत्या कंपनीत किती लाख माणसे काम करतात, कोणत्या शहरात किती मजल्यांचे नवे संकुल उभे राहिले, याच्या बातम्या आपण वाचतो आणि समाधान पावतो. हे समाधान अनाठायी आहे, असे कुणी म्हणणार नाही. परंतु या क्षेत्राची खरी प्रकृती जाणून घ्यायची, तर एक अगदी लहान आकडा विचारात घ्यावा लागेल. तो आकडा आहे दहा. नोकरी सांभाळून, फावल्या वेळात, स्वतःच्या बुद्धीने एखादे सॉफ्टवेअर तयार करून ते रोख पैसे घेऊन दहा जणांना विकणारे तरुण आपल्या समाजात किती आहेत?

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्याचे निमोणे हे गाव उदाहरणादाखल घेऊ. ऊस, कांदा आणि दूध यांच्यावर जगणारा हा टापू. एकीकडे शिरूर-घोडनदीची जुनी बाजारपेठ आणि रांजणगावची औद्योगिक वसाहत, तर दुसरीकडे दौंडचे रेल्वे जंक्शन आणि कुरकुंभचे रासायनिक कारखाने. या पट्ट्यातील शेतकऱ्यांची मुले गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अभियांत्रिकी शिकली, खराडी-हिंजवडीच्या कंपन्यांत रुजू झाली. आई-वडिलांच्या कष्टांचे त्यांनी चीज केले. मात्र येथे एक विसंगती दिसते. अमेरिकेतील विमा कंपनीचा दावा कोणकोणत्या टप्प्यांतून मंजूर होतो, हे या मुलांना तोंडपाठ असते. आपल्याच गावातील कृषी सेवा केंद्राची उधारी कोणत्या वहीत लिहिली जाते आणि ती कधी वसूल होते, याचा विचार करण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नसते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्यांना पगार मिळतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधले, तर त्यांना मालकी मिळू शकते.

मजुरी आणि मालकी

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना १९६८ साली झाली. इन्फोसिसचा जन्म १९८१ साली आपल्या पुण्यातच झाला आणि तिचे पहिले ग्राहक न्यूयॉर्कचे होते. त्या काळी भारतात संगणक आयात करणेसुद्धा परवान्यांच्या जंजाळात अडकलेले होते. देशात ग्राहक मिळणे दुरापास्त होते. त्यामुळे दुसऱ्या देशातील कंपन्यांचे काम करून देणे हाच त्या पिढीपुढचा व्यवहार्य मार्ग होता. त्या मार्गाने देशाला परकीय चलन मिळाले, मध्यमवर्गाला घरे मिळाली आणि भारतीय बुद्धिमत्तेविषयी जगाला आदर वाटू लागला. हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

पण शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर हे दुसऱ्याच्या रानातील काम आहे. कामाचे दाम चोख मिळाले तरी पीक आपले नसते. काम संपले की बांधावरून घरी यायचे. २०२५ साली टाटा कन्सल्टन्सीसारख्या भरवशाच्या कंपनीने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली, तेव्हा अनेक मराठी घरांत अस्वस्थता पसरली. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता आज्ञावली लिहून देऊ लागली आहेत. नुसती आज्ञावली लिहिता येणे या कौशल्याचा बाजारभाव पूर्वीसारखा राहील, अशी खात्री आज कुणी देणार नाही. मग टिकेल ते काय? कोणाची अडचण काय आहे आणि ती नेमकी कशी सोडवली तर तो पैसे मोजेल, याचे ज्ञान टिकेल. हे ज्ञान यंत्राला गावात राहिल्याशिवाय मिळत नाही. निमोण्याच्या मुलाला ते जन्मतः मिळालेले आहे.

श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी यांनी अर्थव्यवस्थेची मांडणी करताना स्वयंरोजगारी कारागिरांच्या वर्गाला ‘विश्वकर्मा क्षेत्र’ असे नाव दिले होते. भांडवलदार आणि मजूर या दोन गटांतच समाजाची वाटणी करणाऱ्या पाश्चात्त्य विचाराला त्यांनी दिलेले ते उत्तर होते. ज्याचे अवजार त्याच्या स्वतःच्या मालकीचे, ज्याचे कौशल्य त्याच्या हातात आणि ज्याचा ग्राहक त्याच्या ओळखीचा, तो विश्वकर्मा. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली, तीत सुतार, लोहार, कुंभार अशा १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश केला. सॉफ्टवेअर लिहिणारा त्या यादीत नाही. त्याला अवजारासाठी सरकारी साहाय्याची फारशी गरजही नाही. एक संगणक आणि एक इंटरनेट जोडणी एवढेच त्याचे अवजार. इतक्या कमी भांडवलात मालक होण्याची संधी यापूर्वी कोणत्याही पिढीतील कारागिराला मिळालेली नव्हती.

दुरुस्तीच्या दुकानातून

ही संधी साधणारी मराठी माणसे झालेली आहेत. क्विक हील या कंपनीची कहाणी या दृष्टीने प्रत्येक तरुणाने अभ्यासावी. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर यांचे शिक्षण दहावीपर्यंतच झाले. पुण्यातील एका दुकानात ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम शिकले, पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले आणि काळाची पावले ओळखून संगणकदुरुस्तीकडे वळले. धाकटे बंधू संजय यांनी संगणकशास्त्र शिकावे, असा आग्रह त्यांनीच धरला. संजय मॉडर्न महाविद्यालयात शिकत होते. दुकानात दुरुस्तीसाठी येणाऱ्या संगणकांपैकी अनेक संगणक व्हायरसने बिघडलेले असत. ते साफ करण्यासाठी संजय यांनी शिकता शिकता लहान लहान आज्ञावल्या लिहिल्या. त्यांतूनच १९९०च्या दशकाच्या मध्यावर क्विक हील हे व्हायरसप्रतिबंधक सॉफ्टवेअर जन्माला आले.

घराचा चरितार्थ दुरुस्तीवर चालत होता आणि सॉफ्टवेअर हा त्याच्या आडोशाने वाढलेला जोडधंदा होता. पहिला ग्राहक शोधायला काटकर बंधूंना कुठे जावे लागले नाही. आजारी संगणक घेऊन तो आपणहून दुकानात येत होता. ज्या माणसाने आपले यंत्र एकदा विश्वासाने दुरुस्त करून दिले, त्याने दिलेले सॉफ्टवेअर घ्यायला ग्राहकाला फार विचार करावा लागत नाही. पुढे या जोडधंद्यानेच मुख्य धंद्याची जागा घेतली. २००७ साली कंपनीचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि २०१६च्या फेब्रुवारीत तिचे समभाग शेअर बाजारात आले. परदेशी कंपन्यांची तगडी स्पर्धा असलेल्या क्षेत्रात पुण्याच्या पेठेतील दुकानाने ही मजल मारली. तिच्या मुळाशी होता तो दुकानाच्या बाकावर बसून ऐकून घेतलेला ग्राहकाचा बिघाड.

टॅलीची कथा याहून बोलकी आहे. श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना व कापडगिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा व्यवसाय होता. हिशेब ठेवण्यासाठी त्यांना मनाजोगते सॉफ्टवेअर मिळेना. त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले आपले चिरंजीव भरत यांनाच ते लिहायला सांगितले. हे १९८६ साल. पुढे ज्या सॉफ्टवेअरने देशभरातील दुकानदारांच्या चोपड्यांची जागा घेतली, त्याचे पहिले ग्राहक घरातले वडीलच होते. वडिलांना जमाखर्चाचे मर्म ठाऊक होते, मुलाला संगणकाचे. दोन ज्ञाने एका छताखाली आली आणि वस्तू तयार झाली. भरत गोयंका यांना २०२० साली पद्मश्री देऊन देशाने त्या कार्याचा गौरव केला.

जोडधंद्यातून उद्योग उभा करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक होते. नोकरीत असतानाच ते मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला बंधूंकडे पाठवीत. बंधू त्या विकत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवीत. सायकल विकल्यावर ती चालवायला शिकवणे हा विक्रीचाच भाग असतो, हे त्या बंधूंनी १८८८च्या सुमारास ओळखले होते. पुढे लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. त्या समजाशी झगडत, शेतकऱ्याच्या रानात जाऊन, एकेक नांगर विकत लक्ष्मणरावांनी विश्वास मिळवला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, ती या चिकाटीवर. आजच्या तरुणाने लिहिलेले सॉफ्टवेअर हा गावाच्या दृष्टीने लोखंडी नांगरच आहे.

संपर्क हाच मार्ग

आता निमोण्याच्या तरुणाने काय करावे? प्रथम त्याने जाहिरातीचा विचार मनातून काढून टाकावा. पहिले दहा ग्राहक जाहिरातीने मिळत नाहीत. ते संपर्काने मिळतात. संघकार्याशी परिचित असलेल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. घरी जाणे, बसणे, विचारपूस करणे, पुन्हा जाणे, ही कार्यपद्धती शंभर वर्षांत सिद्ध झालेली आहे. व्यवसायालाही तीच लागू पडते.

एका सुट्टीच्या दिवशी कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्याशेजारी चार तास नुसते बसावे. शेतकरी बियाणे नेतो, औषध नेतो आणि ‘उसाचे बिल आले की देतो’ किंवा ‘कांद्याची पट्टी झाली की देतो’ असे सांगून जातो. दुकानदार वहीत लिहितो. त्याच वेळी कोणत्या औषधाची मुदत पुढच्या महिन्यात संपते, कोणता साठा परत पाठवायचा, शासनाला दाखवायचे साठापुस्तक कुठवर आले, हे सारे त्याच्या डोक्यात चाललेले असते. तयार हिशेबी सॉफ्टवेअर त्याच्याकडे असेलही. पण त्यात तीस दिवसांची उधारी असते, उसाच्या बिलापर्यंतची नसते. नदीकाठच्या उपसा जलसिंचन योजनांचेही तसेच. पाणीपाळी कोणाची, मोटार किती तास चालली, वीजबिलाची एकरी वाटणी कशी करायची, यावरून भाऊबंदांत वितुष्ट येते. दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ मोजणारी यंत्रे आता सर्रास दिसतात, पण पशुखाद्याची उचल दहा दिवसांच्या बिलातून कशी वळती झाली, हे उत्पादकाला समजेल अशा मराठीत लिहिलेली चिठ्ठी मिळतेच असे नाही. अशा प्रत्येक अडचणीत एक लहानसे सॉफ्टवेअर दडलेले आहे. बड्या कंपन्यांना ते परवडत नाही, कारण बाजार लहान आहे. नोकरी सांभाळून काम करणाऱ्या तरुणाला तेवढा बाजार पुरेसा आहे.

काम एकाच अडचणीपुरते मर्यादित असावे. दुकानाचा संपूर्ण कारभार संगणकावर आणण्याची प्रतिज्ञा करणारे सॉफ्टवेअर तीन वर्षे पूर्ण होत नाही. केवळ उधारीची वही सांभाळणारे सॉफ्टवेअर चार रविवारांत उभे राहते. ते मराठीत असावे. वीज गेली, नेटवर्क गेले, तरी चालावे. आणि दुकानदाराच्या बारावी झालेल्या मुलीला दहा मिनिटांत वापरता यावे. शेतकऱ्यांची माहिती ही दुकानदाराची ठेव आहे, तिला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

आणि पहिल्या ग्राहकाकडूनही पैसे घ्यावेत. हा मुद्दा अनेकांना खटकेल. ओळखीतल्या माणसाकडून पैसे कसे मागायचे, असा संकोच आपल्या मराठी मनाला फार असतो. परंतु फुकट दिलेले सॉफ्टवेअर आठ दिवस कौतुकाने पाहिले जाते आणि मग वही पुन्हा उघडते. महिन्याला तीनशे रुपये मोजणारा दुकानदार रात्री नऊ वाजता फोन करून बेरीज चुकल्याचे सुनावतो. त्या फोनमध्ये पुढच्या सुधारणेचा आराखडा असतो. दहा जणांचे तीनशे रुपये म्हणजे महिना तीन हजार. नोकरीच्या पगारापुढे ही रक्कम किरकोळ आहे आणि येण्याजाण्याच्या पेट्रोलचा खर्चही कदाचित त्यातून भागणार नाही. पण आपली वस्तू कामाची आहे की नाही, याचा निर्विवाद पुरावा तेवढ्या रकमेत मिळतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे अशी लहान रक्कम दरमहा वसूल करणे सोपे झाले आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपेक्षा कमी असेल, तर सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणीही सक्तीची नाही. म्हणजे पहिली दोन वर्षे कागदपत्रांची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

नोकरीशी इमान

जोडधंद्याचा विषय निघाला की नोकरीशी प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. २०२२ साली या प्रश्नावर मोठा वाद झाला होता. नोकरीत असताना गुपचूप दुसरीकडे काम करणे ही फसवणूक आहे, अशी स्पष्ट भूमिका विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी घेतली आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना आढळलेल्या ३०० जणांना विप्रोने काढून टाकले. इन्फोसिसने आधी इशारा दिला आणि पुढे पूर्वपरवानगीने बाहेरची कामे करण्याची वाट मोकळी केली. मालकाचा प्रतिस्पर्धी असलेल्याचे काम करणे अनैतिकच आहे. मात्र स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या संगणकावर, मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेली वस्तू घडवणे ही वेगळी गोष्ट आहे.

येथे कायदाही समजून घ्यावा. आपल्या १९५७च्या स्वामित्व हक्क कायद्यात संगणकाची आज्ञावली ‘साहित्यकृती’ या सदरात मोडते, हे ऐकून साहित्याच्या विद्यार्थ्याला गंमत वाटेल. त्याच कायद्यानुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून निर्माण केलेल्या कृतीचा पहिला स्वामी, वेगळा करार नसेल तर, मालक असतो. म्हणून नेमणुकीच्या करारातील कलमे वाचावीत, आवश्यक तेथे लेखी परवानगी घ्यावी आणि कार्यालयाच्या संगणकावर आपल्या कामाची एक ओळही लिहू नये. चोरून उभारलेल्या घराचा पाया भक्कम नसतो.

शिक्का आणि गुणवत्ता

या निमित्ताने आपल्या विचारांच्या मंडळींनी एक गोष्ट मनावर घेतली पाहिजे. स्वदेशी हा आपल्या श्रद्धेचा विषय आहे. पण स्वदेशीच्या शिक्क्यावर पहिला ग्राहक मिळतो, तो टिकवून धरण्याचे सामर्थ्य त्या शिक्क्यात नसते. २०२० साली आलेले ‘कू’ हे समाजमाध्यम आठवावे. त्याच वर्षीच्या आत्मनिर्भर भारत ॲप स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. अनेक मंत्री, कलावंत आणि सामान्य देशभक्त नागरिक त्यावर दाखल झाले. भारतीय भाषांना स्थान देण्याचा त्याचा हेतू स्तुत्य होता. तरीही जुलै २०२४ मध्ये ते बंद पडले. भांडवलाचे गणित बसले नाही. आणि भावनेच्या भरात आलेली माणसे रोजच्या सवयीने मूळ ठिकाणी परतली.

याउलट श्रीधर वेंबू यांच्या झोहोचे उदाहरण पाहावे. १९९६ साली सुरू झालेल्या या कंपनीने बाहेरच्या गुंतवणूकदारांच्या भांडवलाचा आधार घेतला नाही. स्वदेशीचा डंका पिटण्याआधी तिने जगभरातील लहान व्यावसायिकांना पटेल अशा किमतीत कामाची वस्तू दिली. वेंबू स्वतः तमिळनाडूतील तेनकाशीच्या ग्रामीण भागात जाऊन राहिले आणि बारावी झालेल्या मुलांना शिकवून त्यांच्या हाती काम दिले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेनकाशीच्या खेड्यात जे घडते, ते घोड आणि भीमेच्या काठी घडू नये, असा काही दैवी संकेत नाही.

समाजाची जबाबदारी

आतापर्यंत तरुणांना बरेच सांगून झाले. आता त्यांच्या ग्राहकांकडे वळू, कारण पहिल्या दहा ग्राहकांची जबाबदारी विकणाऱ्याइतकीच घेणाऱ्याचीही असते. गावोगावी पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, शिक्षणसंस्था आपल्याच परिचयाची माणसे चालवतात. बाहेरच्या कंपनीचा टायवाला प्रतिनिधी आला की त्याला चहा पाजून लाखाची मागणी मुकाट्याने मंजूर केली जाते. गावचा मुलगा तीन हजारांची वस्तू घेऊन आला की मात्र ‘आपलाच पोरगा आहे, पैसे कसले?’ असे हसत विचारले जाते. हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते, याविषयी शंका नाही. पण त्या प्रेमाने आजवर किती कारागीर शहराकडे पिटाळले असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. सुताराला, लोहाराला, शिंप्याला ‘आपला’ म्हणून दाम कमी देणाऱ्या गावांतून ते व्यवसाय उठून गेले. तीच रीत आज्ञावली लिहिणाऱ्याच्या बाबतीत चालू ठेवली, तर तोही सोमवारी पहाटेच्या गाडीने दुसऱ्याच्या रानात कामाला जाईल आणि त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून संस्था चालवणाऱ्या वाचकांनी एवढेच करावे. आपल्या भागातील एखादा तरुण स्वतः घडवलेले सॉफ्टवेअर घेऊन आला, तर त्याला अर्धा तास द्यावा. वस्तू कामाची नसेल, तर का नाही ते स्पष्ट सांगावे. कामाची असेल, तर किंमत विचारावी, त्याच दिवशी पूर्ण द्यावी आणि पावती मागावी. चुका आढळल्या तर पहिले सहा महिने सांभाळून घ्यावे, पण त्या चुका बिनदिक्कत दाखवाव्यात. स्वदेशीवरील व्याख्यानाला टाळ्या वाजवण्यापेक्षा या कृतीला थोडे अधिक पैसे पडतात. निमोण्याच्या कृषी सेवा केंद्रात फाडलेली ती तीनशे रुपयांची पावती हीच आपल्या स्वदेशीनिष्ठेची कसोटी आहे.